शर्यतीच्या वाटेत

त्या वर्षी मार्चमध्ये मी घरापासून दीड मैलावरच्या सिग्नलला थांबलो होतो. मागच्या सीटवर दूध, कोथिंबीर आणि पिठाची पिशवी होती. दिवा हिरवा झाला आणि मला कळेना, डावीकडे वळायचं की उजवीकडे. न्यू जर्सीतल्या वेस्ट विंडसरमध्ये आम्ही एकतीस वर्षं राहतोय. त्या सिग्नलवरून मी किती हजार वेळा वळलो असेन. मागच्या गाडीने हॉर्न वाजवला तेव्हा मी सरळ गेलो आणि समोर दिसलेल्या एका शाळेच्या आवारात गाडी लावून बसून राहिलो. दहाएक मिनिटांनी रस्ते पुन्हा जागेवर आले. डावीकडे वळायचं होतं.

मी भूलतज्ज्ञ होतो. नागपूरला एमबीबीएस करून या देशात आलो आणि सत्तरीला टेकेपर्यंत ऑपरेशन थिएटरमध्ये काम केलं. त्यामुळे अशा प्रसंगाला काय म्हणतात, पुढे काय काय होऊ शकतं, हे मला शाळेच्या आवारात बसल्याबसल्याच ठाऊक होतं. मी शंभरातून सात वजा करत गेलो. त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर. सगळं बरोबर आलं, पण त्याने बरं वाटलं नाही. ही वजाबाकी मी इतक्या म्हाताऱ्या पेशंटांकडून करून घेतली होती की ती मला पाठच होती.

कोणालाही सांगितलं नाही. उन्हाळ्यात आणखी दोन-तीन गोष्टी झाल्या. शेजाऱ्यांचं नाव आठवेना, असं तर कोणालाही होतं. पण एकदा हातात चिमटा धरून मी स्वयंपाकघरात उभा राहिलो आणि या वस्तूला काय म्हणतात हे मला मराठीत सुचेना आणि इंग्रजीतही सुचेना. बायको शेजारीच पोळ्या लाटत होती. मी चिमटा मुकाट्याने ओट्यावर ठेवला.

सप्टेंबरमध्ये बायको मुलीच्या दुसऱ्या बाळंतपणासाठी महिनाभर देशाच्या दुसऱ्या टोकाला, बॉथेलला गेली. त्याच सुमारास वाचनात आलं की युरोपातल्या मोठ्या शर्यतींत उतरणारे सायकलस्वारांचे संघ रविवारी बाल्टिमोरला येणार आहेत, आणि शर्यत भर शहरातून फिरणार आहे.

या शर्यतींचं वेड मला रेसिडेन्सीत लागलं. माझ्याबरोबर एक बेल्जियन डॉक्टर होता. त्याचे वडील घरून वर्तमानपत्रांची कात्रणं पाठवायचे आणि हा कँटीनमध्ये बसून मला ती इंग्रजीत वाचून दाखवायचा. कोण कुठल्या चढावर मागे पडलं, कोण पावसात पडून पुन्हा उठलं. पुढे टीव्हीवर शर्यती दिसायला लागल्या आणि दर जुलैत सकाळचा चहा मी त्यांच्यासमोर घ्यायला लागलो. बेल्जियमला जाऊन एक तरी शर्यत बघायची, असं कितीदा ठरवलं आणि कितीदा कॅन्सल केलं. रस्त्याकडेला उभं राहून शर्यत बघणं राहूनच गेलं होतं.

पण खरं कारण ते नव्हतं. दोन दिवस एकट्याने गाडी चालवून परक्या शहरात नीट काढले, तर सिग्नलवरचं ते सगळं थकव्याने झालं असं मी धरून चालणार होतो. नाही जमलं तर काय, हे मी ठरवलंच नव्हतं.

शनिवारी सकाळी निघालो. हायवेवर मी उजव्या लेनमधून ट्रकच्या मागे मागे गेलो. फोनमधली बाई रस्ता सांगत होती आणि मी तिचं प्रत्येक वाक्य मोठ्याने परत म्हणत होतो. बंदराखालच्या बोगद्यात शिरताना तिचा आवाज बंद पडला. बोगद्यात सरळच जायचं असतं, चुकायला जागाच नसते, हे कळत असूनही बाहेर उजेड दिसेपर्यंत मी धड श्वास घेतला नाही.

हॉटेलच्या पार्किंगमध्ये गाडी लावली तेव्हा खांबावरच्या आकड्याचा फोटो काढला. हॉटेलचं नाव आणि पत्ता छोट्या डायरीत लिहून ती जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवली. मग शहर बघायला बाहेर पडलो.

बंदराच्या तोंडावर एक जुना किल्ला आहे, चांदणीच्या आकाराचा. तिथल्या गवतावर बसून मी मालवाहू जहाजं येताना बघितली. हवा सुंदर होती. माहिती सांगणाऱ्या बाईंनी लढाईची गोष्ट सांगितली आणि ती संपल्यावर मी मनातल्या मनात पहिल्यापासून म्हणून बघितली. सगळी आठवली. मग शेजारी बसलेल्या जोडप्याचे कपडे आठवून बघितले, डोळे मिटून. तेही जमलं. असा मी तो किल्ला बघितला. किल्ल्याचा रंग विचाराल तर आता सांगता येणार नाही, पण त्या जोडप्यातल्या बाईंच्या शर्टाची बटणं सांगता येतील.

दुपारी बंदरातलं जुनं लढाऊ जहाज बघायला गेलो. खालच्या मजल्यावर तोफांच्या रांगा होत्या, छत इतकं खाली की वाकून चालावं लागत होतं. वर जायला दोन शिड्या होत्या, अगदी सारख्या. मी कुठल्या शिडीने उतरलो हे मला आठवेना. कुठल्याही शिडीने वर गेलो असतो तरी वरच पोचलो असतो. तरीही मी त्या दोन शिड्यांच्या मधे, तोफेच्या लाकडी गाड्याला धरून उभा राहिलो, आणि एक कुटुंब वर जायला लागलं तेव्हा त्यांच्या मागोमाग गेलो.

संध्याकाळी बायकोचा फोन आला.

"जेवलात का?"

"हो. मुगाची खिचडी केली." माझ्यासमोर कागदाच्या डब्यात बटाट्याचे तळलेले काप होते.

"घरीच आहात ना? आवाज वेगळा येतोय."

"खिडक्या उघड्या आहेत."

लग्नाला त्रेचाळीस वर्षं झाली. मी तिच्याशी खोटं बोललो नाही असं नाही, पण आपण कुठे आहोत याबद्दल पहिल्यांदाच बोललो.

रविवारी सकाळी मी नकाशा बघून एक चढाचा रस्ता निवडला. चढावर सायकली जरा हळू होतात, चेहरे दिसतात. दोन्ही बाजूंना एकमेकांना चिकटलेली विटांची घरं होती, प्रत्येकाच्या दाराशी तीन-चार पांढऱ्या दगडी पायऱ्या. एका घरासमोर एक वयस्कर कृष्णवर्णीय बाई घडीच्या खुर्चीवर बसल्या होत्या. ऐंशीच्या आसपासच्या असाव्यात. डोक्यावर जांभळी हॅट. त्यांनी माझ्याकडे दोनदा बघितलं आणि शेजारची रिकामी खुर्ची हाताने पुढे सरकवली.

"बसा. माझी बहीण येणार होती, तिला उन्हाची कुरकुर. शर्यत बघायला आलात?"

"न्यू जर्सीहून आलोय," मी म्हणालो.

"एवढ्यासाठी? मला तर दार उघडलं की फुकट दिसते." त्या हसल्या आणि आत जाऊन लिंबू सरबताचा ग्लास घेऊन आल्या.

पहिली फेरी आली तेव्हा आधी पोलिसांच्या मोटारसायकली गेल्या, मग शिट्ट्या, मग सगळीकडून एकच घरघर. शंभराहून जास्त सायकली एका झुबक्याने चढ चढत आल्या. टीव्हीवर हा आवाज कधी कळत नाही. साखळ्यांचा, चाकांचा आणि माणसांच्या श्वासांचा मिळून एक आवाज, आणि अंगावरून जाणारा वारा. अर्ध्या मिनिटात सगळं संपलं आणि मागून टपांवर सायकली लादलेल्या गाड्या गेल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. बाईंनी ते बघितलं.

दर पंधरा-वीस मिनिटांनी शर्यत परत येत होती. तिसऱ्या फेरीनंतर मला लघवीला जायचं होतं. ऊन वाढलं होतं, म्हणून जॅकेट खुर्चीच्या पाठीवर ठेवलं. बाईंनी सांगितलं, खालच्या कोपऱ्यावर बाग आहे, तिथे तात्पुरते संडास लावलेत. मी खाली गेलो. रांग होती. परत निघालो तेव्हा गर्दी वाढली होती, म्हणून मागच्या गल्लीतून वर आलो.

गल्ली संपली आणि मी अशा रस्त्यावर आलो जो मी कधी बघितला नव्हता. विटांची घरं, पांढऱ्या पायऱ्या, लोखंडी कठडे, गर्दी. पुढच्या कोपऱ्यावरही तसंच. मी थोडं वर गेलो, थोडं खाली आलो. खिशात हात घातला. डायरी जॅकेटमध्ये. फोन जॅकेटमध्ये. हॉटेलचं नाव मी सकाळी तीनदा वाचलं होतं. ते आठवायला गेलो तर तिथे काहीच नव्हतं. विसरलेला शब्द जिभेवर असतो तसं नव्हतं. जिना उतरताना शेवटची पायरीच नसावी, तसं होतं.

लोक घंटा वाजवत होते, ओरडत होते, आणि माझ्या मनात एकच गोष्ट पक्की बसली, की जांभळी हॅट रस्त्याच्या पलीकडे आहे. का, ते माहीत नाही. एके ठिकाणी लोखंडी कठडा संपून नुसती फीत बांधलेली होती. मी ती वर उचलली, खाली वाकलो आणि रस्त्यावर आलो.

चार-पाच पावलं गेलो असेन. शिट्टी ऐकू आली, पण ती माझ्यासाठी आहे असं वाटलं नाही. मग डावीकडे बघितलं. मोटारसायकली निघून गेल्या होत्या. तीन सायकलस्वार, माना खाली घालून, वळणावरून थेट माझ्याकडे येत होते. चढाचा भाग मागे पडला होता, इथे रस्ता उतरत होता. पहिल्याने मान वर केली. त्याचे डोळे मला स्पष्ट दिसले. माझ्या मुलीपेक्षा लहान असेल. तो कुठल्याशा भाषेत ओरडला आणि एवढा कलला की त्याचं पेडल रस्त्याला घासल्याचा आवाज आला. त्याच क्षणी मागून कोणीतरी माझ्या शर्टाला धरून मला खेचलं. दुसऱ्याचं हँडल माझ्या बाहीला घासून गेलं. मी फुटपाथवर बसकण मारली, आणि उरलेला सगळा झुबका माझ्या पायांपासून हातभर अंतरावरून निघून गेला.

कोणी पडलं नाही. हे मी आजही स्वतःला सांगतो. पण मी आयुष्यभर थिएटरमध्ये फुटलेली डोकी बघितली आहेत, आणि उतारावर त्या वेगाने पडलेल्या माणसाचं काय होतं ते मला माहीत आहे. इतके महिने मला भीती वाटत होती ती माझी, माझं काय होणार याची. फुटपाथवर बसल्यावर जी भीती आली ती निराळी होती. तिच्यात मी पेशंट नव्हतो, दुसऱ्याला पेशंट करणारा होतो.

मला खेचणारी बाई पिवळं जॅकेट घातलेली स्वयंसेवक होती, चाळिशीची. आधी ती चिडली होती. माझा चेहरा बघून तिचा आवाज बदलला. ती माझ्यासमोर उकिडवी बसली.

"तुमचं नाव सांगता येईल?"

मी सांगितलं.

"कुठे उतरलात?"

मी रिकाम्या खिशात पुन्हा हात घातला.

"हे कुठलं शहर आहे?"

"फिलाडेल्फिया," मी म्हणालो. आणि म्हणताना मला तसूभरही शंका नव्हती.

तिने मला हसायला सांगितलं, दोन्ही हात वर करायला सांगितले, एक वाक्य म्हणायला सांगितलं. ती शाळेत नर्स होती, असं नंतर कळलं. पण ती काय तपासतेय हे मला तेव्हाही कळत होतं. क्षणभर वाटलं, असू दे स्ट्रोक. स्ट्रोकला वेळ ठरलेली असते, औषध असतं, नाव असतं. पण हात दोन्ही सारखे वर गेले. वाक्य नीट म्हटलं.

"तुमच्याबरोबर कोणी आहे?"

"जांभळी हॅट," मी म्हणालो. "खुर्ची. सरबत."

तिने वॉकी-टॉकीवर कोणाला तरी आपल्या जागी बोलावलं आणि माझा दंड धरून मला चालवत नेलं. मी ज्या बाजूने रस्त्यात उतरलो त्याच बाजूला, दोन कोपरे वर, जांभळी हॅट होती. बाई फुटपाथवर उभ्या होत्या. माझं जॅकेट त्यांच्या हातावर होतं आणि माझा फोन त्यांच्या कानाला.

"आले," त्या फोनमध्ये म्हणाल्या. "माझ्यासमोर उभे आहेत. दोन्ही पायांवर." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "सारखा वाजत होता. चौथ्या वेळी मी उचलला. तुमची बायको आहे."

मी फोन घेतला. पलीकडे बाळ रडत होतं, मग दार लावल्याचा आवाज आला आणि रडणं थांबलं.

"अहो, तुम्ही बाल्टिमोरला काय करताय?"

बाल्टिमोर. तिने म्हटलं आणि शहर परत आलं. हॉटेलही आलं, पार्किंगचा खांबही आला.

"शर्यत बघायला आलो."

"एकटे? आणि काल खिचडी म्हणालात."

मी बाईंच्या हातावरचं जॅकेट घेतलं.

"त्या बाई म्हणतात, पाऊण तास झाला, परत आला नाहीत. काय झालंय?"

"मी विसरतोय," मी म्हणालो. "मार्चपासून. आज रस्त्यात शिरलो, शर्यतीच्या मधे. एक पोरगा मरता मरता वाचला."

पलीकडे खुर्ची ओढून ती बसल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "चिमटा हातात घेऊन उभे होतात तेव्हा मला वाटलं होतं. मीही विचारलं नाही." मग तिचा आवाज कामाचा झाला. "गाडीला हात लावायचा नाही. मी अ‍ॅशबर्नला फोन करते. तिथून हलू नका. आणि फोन त्या बाईंकडे द्या."

अ‍ॅशबर्नला माझा नागपूरचा वर्गमित्र राहतो, तोही डॉक्टर, आता निवृत्त. दीड-दोन तासांचं अंतर. तोवर मी त्या घडीच्या खुर्चीवर बसून राहिलो. स्वयंसेवक बाई आपल्या जागेवर परत गेली. मी तिचे आभार मानले की नाही, आठवत नाही. शर्यत आणखी तीनदा आली. दर वेळी शिट्टी वाजली की मी खुर्चीचे दांडे घट्ट धरायचो. हात सुटला तर पाय आपोआप रस्त्यात जातील असं वाटायचं. ज्याच्यासाठी एवढ्या लांब आलो, ते मी मान खाली घालून ऐकत होतो.

जांभळी हॅट घातलेल्या बाई मधेच म्हणाल्या, "माझ्या नवऱ्याने मला दोन वर्षं सांगितलं नाही. मला वाटायचं तो माझ्यावर रागावलाय. दोन वर्षं मी भांडत होते त्याच्याशी." त्या रस्त्याकडे बघत होत्या. "ती दोन वर्षं मला परत हवी आहेत, बाकी काही नाही."

मित्र आला तेव्हा शर्यत संपली होती, माणसं कठडे उचलत होती. त्याच्याबरोबर त्याची बायकोही होती, दुसरी गाडी न्यायला. तो काही विचारत बसला नाही. हात पुढे करून म्हणाला, "चावी दे." मी दिली. हॉटेलमधून सामान घेतलं आणि माझ्याच गाडीत मी शेजारच्या सीटवर बसलो.

"कधीपासून?" त्याने शेवटी विचारलं.

"मार्च."

"मला सांगायचं होतंस यार. आठवड्याला दोनदा बोलतो आपण."

"तू काय केलं असतंस?"

"काही नाही. पण एकटा बाल्टिमोरला जाऊ दिलं नसतं." मग थोड्या वेळाने म्हणाला, "मलाही भीती वाटते. मीही काय काय विसरलो ते मोजत असतो. आपल्या वयाचे सगळेच मोजत असणार, कोणी बोलत नाही."

बायको चार दिवसांनी परत आली; तोवर मित्र आमच्याच घरी राहिला. तिला आणायला एअरपोर्टला मित्रच गेला, मी शेजारी बसून. घरी आल्यावर तिने बॅग दारातच ठेवली, फ्रिज उघडून आतलं सगळं बघितलं, शिळं होतं ते फेकलं. मग हात पुसत म्हणाली, "डॉक्टरांची अपॉइंटमेंट. मी फोन करू की तुम्ही?"

"मी करतो."

"माझ्यासमोर करा."

मी तिच्यासमोर केला.

तपासण्या महिनाभर चालल्या. रक्त, स्कॅन, कागदावरचे प्रश्न, चित्रं, घड्याळ काढणं. न्यूरॉलॉजिस्ट बाई माझ्या मुलीच्या वयाच्या होत्या. त्या मला समजावून सांगायला लागल्या तेव्हा मी म्हणालो की मी डॉक्टर आहे, सरळ सांगा. त्यांनी सरळ सांगितलं. वयाच्या मानाने जेवढं विसरायला हवं त्याहून जास्त विसरतोय. हे इथेच थांबेल किंवा पुढे जाईल, आज सांगता येत नाही. सहा महिन्यांनी परत बघू. गाडी चालवू नका. मी पेशंटांच्या नातेवाइकांना अशी वाक्यं कितीदा सांगितली होती. टेबलाच्या या बाजूला बसून ऐकताना ती फार छोटी वाटतात.

आता दुसरे सहा महिने चालू आहेत. पहिल्या वेळी फारसा फरक पडला नव्हता. भीती गेलेली नाही. सकाळी जाग आली की पहिल्यांदा छताकडे बघत मी घर ओळखतो, मग वार, मग बायकोचा श्वास. हे सगळं जागेवर आहे असं कळेपर्यंतचे ते क्षण रोज लांबल्यासारखे वाटतात. कधी कधी ती जागीच असते आणि माझं चाललंय ते तिला कळतं. मग ती काही विचारत नाही, नुसतं म्हणते, "गुरुवार आहे. चहा टाकते," आणि उठते.